बरणीचा दादरा

"लोणच्याच्या बरणीला कुणी हात लावला गं?"

चतुराबाईंनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की दूध आलं का, असंच काहीतरी विचारलंय असं तनुजाला आधी वाटलं. शनिवार होता, ऑफिस अर्ध्या दिवसाचं. क्रांती चौकातून स्कूटीवर ती नुकतीच शहराच्या टोकाला असलेल्या सातारा परिसरातल्या घरी पोचली होती, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ अजून सोडलेला नव्हता. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. समोर चिनीमातीची बरणी आणि हातात बरणीच्या तोंडावरून सोडलेला दादरा, सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा फाडलेला पांढरा फडका. त्या फडक्याकडे बघत होत्या, सुनेकडे नाही. तनुजाच्या पोटात गोळा आला. पोट आणि गोळा, दोन्ही शब्द मनात आले तसे तिनं घाईनं बाजूला सारले. हल्ली काही शब्द तिला मनातल्या मनातसुद्धा वापरवत नव्हते.

"मी नाही, आत्या," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तिला थांबता आलं नाही. "यांनी घेतलं असेल डब्यात न्यायला."

"विश्वानं?"

"असेल."

"व्हय," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी दादऱ्याची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. बरणीत डोकावून बघितलं, पण आतल्या फोडींना हात लावला नाही.

थाप किती फालतू आहे हे तोंडून निघतानाच तनुजाला कळलं होतं. विश्वजीतला दिवाळीपासून पित्ताचा त्रास. लोणचं, तळलेलं, आंबवलेलं सगळं बंद, आणि हे बंद करणाऱ्या दुसऱ्या कुणी नाही, चतुराबाईच. तो आतल्या खोलीत झोपला होता, वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी करून सकाळच्या बसनं आलेला. तो उठेल, चहा मागेल, मग त्याला विचारलं जाईल, आणि तो सरळ माणूस सरळ उत्तर देईल. सरळ माणसाशी संसार करण्यात हीच अडचण असते, ऐन वेळेला त्याचा काही उपयोग होत नाही. तो उठेपर्यंत तनुजाला काहीतरी ठरवायचं होतं. तिनं स्कार्फ सोडला, हातपाय धुतले आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. कपड्यांकडे बघितलं. काही नव्हतं. प्रत्येक वेळी दार लावताना छातीत धडधड, प्रत्येक वेळी बघून झाल्यावर भिंतीला टेकून एक श्वास, आणि तो श्वास पुढच्या वेळेपर्यंतच पुरायचा.

तिला दिवस गेले होते. तिसऱ्यांदा. एका डॉक्टरीणबाईंशिवाय हे कुणालाही माहीत नव्हतं, विश्वजीतलासुद्धा नाही. आधीची दोन्ही जिथे संपली, तो टप्पा ओलांडेपर्यंत हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं एकच तिनं या खेपेला ठरवलं होतं. लोकांना कळलं की जातं, असलं काही ती मानत नव्हती. बी.कॉम. झालेली बाई होती, विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांची नशिबं कागदावर मांडत बसायची. पण गेल्यावर सगळ्यांना सांगत बसावं लागतं, हे तिनं दोनदा भोगलं होतं. भाजीवालीला सांगा, शेजारणींना सांगा, फोनवर लांबच्या चुलतसासूला सांगा, आणि प्रत्येकीचा तो लांबलेला "अगं बाई" ऐका. झालं त्याचं दुःख करायला माणूस उरतच नाही, नुसता कळवत राहतो. या वेळी काही व्हायचं असेल तर ते तिच्या एकटीचं होईल. आणि काही व्हायचं नसेल तर, पण त्याच्या पुढे ती विचार जाऊ द्यायची नाही.

पहिल्या वेळी चतुराबाईंनी तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरली होती. चोरओटी म्हणजे कुणाला न कळवता गपचूप भरायची. दार लावलं होतं, खिडकीचा पडदाही ओढला होता. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका, बिडकीनची नणंद, शेतावर राहणारे सासरे कडुबा आणि ज्याच्याकडून नारळ आणला तो दुकानदार, सगळ्यांना ठाऊक होतं. चतुराबाई वाईट नव्हत्या, अगदी नव्हत्या. त्यांना दुःख गिळता यायचं. अर्धी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा डोळ्यात टिपूस नव्हता. पण आनंद झाला की तो त्यांच्या तोंडात मावायचा नाही. दुसऱ्या वेळी तनुजानं हात जोडून सांगितलं, आत्या, निदान पाचवा लागेपर्यंत तरी. त्यांनी मान डोलावली आणि नुसती शेव केली. पण परातभर शेव कुणी दोन माणसांसाठी करत नाही. वाट्या घरोघर गेल्या, आणि वाटी घेणाऱ्या प्रत्येक बाईनं ती कशाची आहे ते बरोबर ओळखलं. पुढे ते सगळं झालं. दवाखान्याच्या बोळात, विश्वजीत खाली गाडीपाशी तोंड लपवून उभा असताना, सासूबाई बिडकीनच्या नणंदेला फोनवर सांगत होत्या, "त्या गाड्यावरच्या कचोरीनं घात केला बघ. लई खायची." पडद्याच्या अलीकडे तनुजा डोळे मिटून पडली होती. तिनं ते ऐकलं आणि तिच्या आत काहीतरी बंद झालं ते आजतागायत बंद होतं. डॉक्टरीणबाईंनी नंतर चार वेळा सांगितलं, खाण्यानं नाही होत असं. पण डॉक्टरीणबाई काही गल्लीत सांगत फिरल्या नाहीत.

आणि या खेपेलाही सुरुवात तिथूनच झाली होती, त्याचाच तिला राग होता. क्रांती चौकात सिग्नलला ती उभी होती, पुलाखालच्या गर्दीत, पुढे रिक्षा, मागे बस. कुठून तरी गाड्यावरच्या तळणाचा वास आला. नुसता तेलाचा नाही, ओवा, हिंग, तिखट, वरून भुरभुरलेलं काळं मीठ, सगळं सुटं सुटं ओळखू येणारा वास. तिच्या जिभेखाली पाणी सुटलं. इतकं की गिळावं लागलं. सिग्नल हिरवा झाला, मागची बस बोंबलायला लागली, एक पोरगा बाजूनं जाताना "ओ ताई, सो गए क्या" असं ओरडून गेला, आणि ती हँडल धरून तशीच. ही चव तिला माहीत होती. भूक ही नव्हे. भूक कशानंही भागते. हे दोनदा आलेलं होतं आणि दोनदा तिच्या घरात पाहुण्यासारखं राहून निघून गेलेलं होतं. आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती, थंड आणि स्वच्छ. तिनं गाड्याकडे न बघता स्कूटी काढली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसजवळच्या मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली.

मग ते तिखटमीठ तिच्या मागेच लागलं. गोड समोर आलं की मळमळ, आणि ऑफिसात कुणी फरसाणाची पुडी फोडली की कान टवकारलेले. विकतचं खायचं नाही, हे तिनं मनाला बजावलं होतं. कचोरी आता तिच्यासाठी कचोरी राहिली नव्हती, तो एक पुरावा होता, आणि तसला पुरावा ती पुन्हा कुणाच्या हातात देणार नव्हती. उरलं घरी करणं. घरी करायचं तर फोडणी आली. फोडणी म्हणजे या घरात दवंडी. मोहरी तडतडली की चतुराबाई गच्चीवरून खाली यायच्या, काय करायलीस म्हणून, आणि अवेळी चिवडा करणाऱ्या सुनेकडे बघून त्यांना समजायला काय वेळ लागणार. ती रात्री पडल्या पडल्या मुरमुऱ्यांचा विचार करायची. बाजूला नवरा नसायचा, तो वाळूजला यंत्रापाशी उभा असायचा, आणि इथे त्याची बायको अंधारात मुरमुऱ्यांचा विचार करत पडलेली. हसू यायला हवं होतं. तिला रडू यायचं.

पहिली तारीख चुकली तेव्हा चतुराबाई शेतावर गेलेल्या होत्या, ते खपून गेलं. पुढची तारीख आली, तेव्हा दुसराच पेच पडला. चतुराबाई कॅलेंडर बघायच्या नाहीत, त्यांना ते न बघताच कळायचं. शहरात येताना त्यांनी बाकीचे बहुतेक नियम शेतावर सोडून दिले होते, पण एवढे चार ठेवले होते. त्या दिवसांत सुनेनं देव्हाऱ्यात दिवा लावायचा नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही, पापडाचा डबा आणि लोणच्याची बरणी शिवायची नाही. बाकी स्वयंपाक कर, ऑफिसला जा, काही म्हणणं नाही. दिवा कोण लावतंय यावरून घरात सगळं कळायचं. म्हणून तनुजानं ठरल्या तारखेला सकाळी जाहीर केलं, "आत्या, दिवा तुम्ही लावा, मला अडचण आहे." एवढं बोलून ती आत गेली. तिनं पाकिटातले कोरे पॅड एकेक काढून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कचऱ्यात टाकले, रोज, नेमानं. ज्या गोष्टीला ती जगात सगळ्यात जास्त भीत होती, तिचंच सोंग आणत होती. आपण बोलावतोय का तिला, असं सारखं वाटायचं. पुडी बांधताना ती मनात म्हणायची, हे खोटं आहे हं, हे नुसतं खोटं आहे. कुणाला म्हणायची, कोण जाणे. पण म्हणायची.

बुधवारी शेजारच्या करुणाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अडचणीतल्या बाईनं जायचं नसतं, त्यामुळे तनुजा आपसूक सुटली होती. पोट दुखतं म्हणून रजाही टाकली होती, आणि तसं बोलताना पोटावर हात ठेवायचा धीर झाला नव्हता. दुपारी चतुराबाई जरीच्या काठाची साडी नेसून गेल्या. विश्वजीत घोरत होता. घरात इतकी शांतता की फ्रीजचा आवाज ऐकू येत होता. आणि तिला एकदम आठवलं, कच्चा चिवडा. माहेरी भावंडं दुपारी शाळेतून आली की आई करायची तो. त्याला गॅस लागत नाही, फोडणी नाही, वास बाहेर जात नाही. मुरमुऱ्यांवर कच्चं तेल घालायचं, तिखट, मीठ, थोडा काळा मसाला, मूठभर शेंगदाणे, कांदा बारीक चिरून, आणि सगळ्यात शेवटी लोणच्याचा खार, म्हणजे फोडींच्या खाली बसलेला तो तेलकट, मोहरीचा, आंबट गाळ. खाराशिवाय कच्चा चिवडा म्हणजे नुसते तेल लावलेले मुरमुरे. बरणी सगळ्यात वरच्या फळीवर होती. तिनं प्लास्टिकचं स्टूल ओढलं, भिंत धरून जपून चढली, दोन्ही हातांनी बरणी छातीशी धरून उतरली, दादरा सोडला, कोरड्या चमच्यानं खार काढला. मग ओट्याच्या आडोशाला फरशीवर बसून पातेल्यातूनच खाल्ला. पहिला घास तोंडात गेला आणि तिचे डोळे भरून आले. मीठ, आंबट, कांद्याचा झणका, दाताखाली मोडणारा शेंगदाणा. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिचं शरीर तिच्यावर खूश होतं. आपण दोघंही खातोय, असं एक वाक्य मनात आलं आणि या वेळी तिनं ते हाकललं नाही.

पातेलं घासलं, कांद्याची सालं कागदात बांधली, दादरा पुन्हा बांधला, बरणी वर ठेवली. सगळं जागच्या जागी. आज, दादरा हातात धरलेल्या सासूबाईंना बघितल्यावर तिच्या डोक्यात लखकन आलं, चतुराबाई डावखुऱ्या होत्या. त्यांची गाठ उलट्या अंगाला बसायची. आणि गाठीचं तर सोडाच. अडचणीचं सोंग आणलं, पुड्या बांधल्या, दिवा टाळला, तुळस टाळली, आणि बरणीपाशी ती विसरली. खरंच अडचण असती तर ती विसरलीच नसती. ज्या घरात ती वाढली तिथे त्या दिवसांत लोणच्याकडे हात जायचाच नाही, तो आपोआप मागे यायचा, विस्तवापासून यावा तसा. असल्या गोष्टींवर विश्वास आहे की नाही हे हात विचारत नाही. या वेळी हात मागे आला नाही, कारण अडचण नाही हे हाताला माहीत होतं. म्हणजे आता दोनच उत्तरं उरली होती. एक तर तिनं अडचणीत बरणी विटाळली, वर्षाचं लोणचं वाया घालवलं. नाही तर तिला अडचण नव्हतीच.

ती बाहेर आली तेव्हा विश्वजीत उठून खाटेवर बसला होता, केस विस्कटलेले, डोळे लाल. चतुराबाई चहा गाळत होत्या. तनुजानं त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या, मान किंचित हलवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं तरी कळावं. त्यानं विचारलं, "काय गं, डोळ्यात काही गेलं का?"

चतुराबाईंनी कप त्याच्या हातात दिला. "विश्वा, लोणचं न्हेलतं का रं डब्यात?"

"मी? मला कुठं चालतं लोणचं. तूच बंद केलंस ना."

"ध्यानात नाय राहिलं," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसल्या. तनुजाकडे बघितलंसुद्धा नाही. विश्वजीत कामाचं काहीतरी सांगत होता, सुपरवायझर बदलला, बसचा थांबा पुढे नेला. तनुजाला त्याचे शब्द ऐकू येत होते पण त्यांचा अर्थ मागे राहत होता. ती सासूचा चेहरा बघत होती. त्या चेहऱ्यावर काही आनंद उजळतो का, ओठ हलतात का, हात पदराखालच्या मोबाइलकडे जातो का. एकदा त्यांनी खरंच मोबाइल काढला. तनुजाचा कप बशीवर वाजला. चतुराबाईंनी किती वाजले ते बघितलं आणि मोबाइल परत ठेवला.

तेवढ्यात तिनं ठरवलं. लोणचं अंगावर घ्यायचं. मी अडचणीत बरणीला शिवले, विसरले, माफ करा, असं म्हणायचं. त्या बोलतील, चार दिवस अबोला धरतील, बरणी उकिरड्यावर जाईल. त्यांच्या लोणच्याचं गल्लीत नाव होतं, दर उन्हाळ्यात बायका कैऱ्या घेऊन प्रमाण विचारायला यायच्या. ती बरणी फेकायला लावणं म्हणजे त्यांच्या तोंडात मारण्यासारखं होतं. पण त्या बदल्यात आणखी काही आठवडे मिळणार होते. तनुजाला वाईट वाटलं आणि तरी तिचा निश्चय हलला नाही. कचोरीची आठवण तिनं मुद्दाम वर काढली, म्हणजे वाईट वाटणं कमी होईल. विश्वजीत आंघोळीला गेला. ती उठली. "आत्या," ती म्हणाली, "ते बरणीचं..."

दाराची बेल वाजली.

करुणा होती. वाणाचं छोटं ताट घेऊन आली होती, तिळगूळ, हळदीकुंकवाची कुयरी, प्लास्टिकची टोपली. करुणा मनानं चांगली होती, फक्त तिला सगळं ताजं ताजं लागायचं. तनुजा स्वयंपाकघरातच थांबली. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असेल असं वाटत होतं. दारापाशी दोघींचे आवाज हलके झाले, आणि हलके आवाज नेहमीच नीट ऐकू येतात.

"मावशी, रागावू नका, पण खरं सांगा. बुधवारी अडचणच होती ना तनुजाला? नाही, बायका म्हणत होत्या, दोनदा तसं झालं, म्हणून या वेळी लपवत असतील. स्कूटीसुद्धा किती हळू चालवते हल्ली."

तनुजानं ओट्याची कड घट्ट धरली. फ्रीजचा आवाज सुरू झाला. आतून आंघोळीच्या पाण्याचा आवाज. आता. आता त्या बोलणार. त्यांच्या तोंडात ते कधीच मावलेलं नाही, आज तरी कसं मावेल. ती मनातल्या मनात काहीतरी म्हणत होती, प्रार्थना नव्हती, नुसतं नको, नको, नको.

"काय लपवायचं गं त्यात," चतुराबाईंचा आवाज आला, रोजचाच, जरा कातावलेला. "अडचण म्हंजी अडचण. कालच डोकं धुतलं तिनं, मीच पानी तापवून देलं. आन् तुला म्हणून सांगते, त्याच गडबडीत इसरली आन् बरणीला हात लावला. समदं लोणचं हातचं गेलं माझं."

"अगं बाई. सगळंच?"

"समदं. आता काय करावं, नव्या पोरी. कामून बोलावं, उगा मन दुखतं. तू आपली जाय, पोरं शाळंतून येतील."

आपण वाचलो. जे ती स्वतः सांगणार होती, तेच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं. म्हणजे त्यांना तसंच वाटलं होतं. मी विटाळशी, विसराळू, खोटारडी, नवऱ्याचं नाव पुढे करणारी. उद्यापर्यंत गल्लीभर होईल, चतुराबाईंच्या सुनेनं लोणचं नासवलं. होऊ दे. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्याच पाठोपाठ इतकं एकटं वाटलं की तिला स्वतःचं नवल वाटलं. हेच तर हवं होतं. कुणालाही माहीत नसणं. दार लागल्याचा आवाज आला, कडी वाजली, चपला सरकवल्या गेल्या. ती माफी मागायचे शब्द जुळवत उभी राहिली.

चतुराबाई आत आल्या. तिच्याकडे न बघता त्यांनी मुरमुऱ्यांचा डबा काढला, परात घेतली, अर्धा डबा परातीत ओतला. तेलाची बरणी, तिखट, काळा मसाला. कांदा डाव्या हातानं भराभर चिरला. मग लोणच्याची बरणी जवळ ओढली, दादरा बाजूला टाकला, आणि मनगटापर्यंत हात आत घालून फोडींच्या खालचा खार मूठभर वर काढला. बोटाला लागलेला खार जिभेला लावला. "बरा हाय," त्या म्हणाल्या. "कुठं नासलाय." आणि सगळा परातीत टाकून कालवायला लागल्या.

तनुजा बघत राहिली. अडचणीतल्या बाईनं शिवलेल्या लोणच्याचं बोट चतुराबाई तोंडात घालतील, हे सूर्य पश्चिमेला उगवला तरी होणार नव्हतं. हे तिच्या डोक्यात हळूहळू, एकेक पायरी चढत वर आलं. ती ओट्याच्या आडोशाला बसली, बुधवारी बसली होती तिथेच. चतुराबाईही परात घेऊन गुडघ्यांवर हात देत खाली बसल्या. कालवताना त्यांची मान खाली होती. बांगड्या परातीवर वाजत होत्या.

"आत्या," तनुजा म्हणाली. पुढचे सगळे शब्द तिनं इतके दिवस दाबून ठेवलेले, आणि ते एकदम वर आले. "आत्या, मला..."

"गप," चतुराबाई म्हणाल्या. आवाज कडक होता, पण हात थांबला होता. "मला काय बी सांगू नको. माझं तोंड मला ठावं हाय. मला सांगितलंस तर ते माझ्या तोंडात ऱ्हायचं नाय. मला काय बी म्हाईत नाय, कळलं? तुला वाटंल तवा सांग. नाय वाटलं तर नको सांगू."

त्यांनी कालवलेल्यातून एक मूठ उचलून तनुजाच्या हातावर ठेवली. मग पुन्हा कालवत राहिल्या. न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. तेव्हा त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "कचोरीचं बोलले व्हते तवा. तू जागी व्हतीस. मला नंतर कळलं." आणि स्वतःच्या तोंडात एक बकाणा भरला, म्हणजे पुढे बोलावं लागू नये.

तनुजानं खाल्लं. तिखट जरा जास्त झालं होतं, डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं आहे हे ठरवायची गरज पडली नाही. भीती गेली नव्हती. थोड्या वेळानं ती उठून पुन्हा न्हाणीघरात जाणार होती, दार लावणार होती, बघणार होती. उद्याही, परवाही. पण दाराच्या या बाजूला आता कुणीतरी होतं, आणि ते काही विचारणार नव्हतं.

विश्वजीत टॉवेल खांद्यावर टाकून दारात आला. "कच्चा चिवडा? मला न बोलावता?"

"तुला पित्त हाय," चतुराबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. बरणीचं तोंड पुसलं, दादरा घट्ट आवळला, डाव्या हातानं गाठ मारली. तनुजा सवयीनं स्टुलाकडे वळली, बरणी वर ठेवायला. चतुराबाईंनी ते स्टूल पायानं सरकवून विश्वजीतकडे ढकललं. "हे गच्चीवर नेऊन टाक. उगा पायात येतं." मग खालच्या कप्प्यातले पिठाचे डबे एका बाजूला सारले, तिथे बरणी ठेवली, जमिनीपासून वीतभर, बसल्या जागी हात पोचेल अशी. विश्वजीत स्टूल हातात घेऊन उभा होता. "लोणचं खाली कशाला? वर बरं होतं की."

"वर नको," चतुराबाई म्हणाल्या. "माझे गुडघे दुखतात."